उजवीकडचं काळीज

ईसीजी काढणाऱ्या नर्सला वाटलं, चूक तिचीच झाली. छातीवर, हातापायांवर ते चिकट गोल लावून तिने मशीन सुरू केलं, बाहेर आलेला कागद बघितला आणि म्हणाली, "सॉरी, हेन." एडिनबरातल्या मोठ्या बायका लाडाने असं म्हणतात. वायर उलट्या लागल्या असाव्यात, असं पुटपुटत तिने सगळे गोल काढून पुन्हा लावले. पुन्हा तोच कागद. मग तिने दुसऱ्या नर्सला बोलावलं. दोघींनी मिळून लावले, तरी तेच.

मी आदल्या दिवसापासून पोटाच्या दुखण्याने वाकलेली होते. बेंबीपाशी सुरू झालेली कळ सरकत डाव्या बाजूला, खाली येऊन थांबली होती. अपेंडिक्स उजवीकडे असतं, त्यामुळे तो विषय कोणी काढलाच नव्हता. मूतखडा असेल, आतड्याला सूज असेल, असं चाललं होतं. नाडी फार जोरात होती म्हणून हा ईसीजी.

शेवटी एक तरुण डॉक्टर आला. त्याने स्टेथोस्कोप डावीकडे ठेवला, जरा वेळ ऐकलं, मग हळूहळू सरकवत उजवीकडे नेला आणि तिथेच थांबला. तुमचं हृदय उजव्या बाजूला आहे हे तुम्हाला याआधी कोणी सांगितलं होतं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सांगितलं असतं तर लक्षात राहिलं असतं. तो हसला. मलाही हसू आलं, पण हसल्यावर पोटात अशी कळ आली की मी नवऱ्याचा, नितीनचा, हात चावायचीच बाकी होते.

सगळं आहे, फक्त उलट

स्कॅन झाल्यावर सर्जन आल्या. माझ्याच वयाच्या, चाळिशी ओलांडलेल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसून बोलल्या, हे मला अजून आठवतं, कारण तोवर सगळे उभ्यानेच बोलत होते. माझं यकृत डावीकडे, जठर आणि प्लीहा उजवीकडे, हृदयाचं टोक उजवीकडे. आणि अपेंडिक्स डावीकडे, तेही फुटण्याच्या बेतात. नितीनने विचारलं, यात धोका आहे का. त्या म्हणाल्या, मांडणीत काहीच धोका नाही. सगळे अवयव आहेत, एकमेकांच्या शेजारी जसे असायला हवेत तसेच आहेत, फक्त आरशात दिसावेत तसे. धोका अपेंडिक्सचा आहे, आणि ते आज दुपारी काढायचं.

ऑपरेशनला नेताना मला मुंबई आठवत होती. इथे येण्याआधी तिथे नोकरीसाठी छातीची तपासणी करून घेतली होती. तिथल्या एक्स-रेवाल्याने माझी फिल्म पुन्हा काढली होती. "मॅडम, प्लेट उलटी लागली वाटतं," म्हणाला. दुसरीही तशीच आल्यावर त्याने ती बहुतेक दिव्यासमोर उलटी धरली असेल आणि काम संपवलं असेल. त्याला तरी काय म्हणायचं. मीसुद्धा आयुष्यभर डाव्या छातीवर हात ठेवून शपथा घेतल्या होत्या.

हे सगळं लिहायचं कारण ती मांडणी नाही. तशी मांडणी असलेली माणसं मजेत जगतात आणि त्यांना पत्ताही नसतो. कारण आहे त्यानंतर जे निघालं ते. ज्यांच्या घरात एखादं माणूस जन्मापासून खोकतंय, आणि ज्यांना 'तिची प्रकृतीच तशी आहे' असं ऐकायची सवय झाली आहे, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय.

सईचं बायॉलॉजी

अपेंडिक्स निघालं, पण मी घरी गेले नाही. छातीत कफ साठला, ताप चढला, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. वॉर्डमधलं आयुष्य फार ठरलेलं असतं. सकाळी रक्तदाबाचा पट्टा दंडावर आवळला जातो, मग टोस्ट, मग राउंड, मग वाट बघणं. समोरच्या पलंगावरच्या आजीबाई मला रोज त्यांच्या वाटणीची जेली द्यायच्या. मी ती घ्यायचे, कारण नाही म्हटलं तर त्यांचा चेहरा पडायचा.

माझी मुलगी सई शाळा सुटली की बसने थेट यायची. सतरा वर्षांची, इथेच जन्मलेली. तिचं ह्युमन बायॉलॉजी चालू होतं आणि आपल्या आईच्या पोटातच परीक्षेचा धडा उलटा निघाला याचं तिला नवल आवरत नव्हतं. ती मनातून खूप घाबरली होती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी ती फक्त बोलत सुटायची. पेपर नॅपकिनवर धड काढायची, त्यात एकेक अवयव, आणि मला त्यांची मराठी नावं विचारायची.

मी नागपूरच्या मराठी शाळेत शिकलेली. पेशींच्या ऊती होतात, ऊतींचे अवयव, अवयवांच्या संस्था, आणि संस्थांचं शरीर, हे आम्ही घोकलं होतं. श्वसनसंस्था, पचनसंस्था, अभिसरणसंस्था. सईला 'संस्था' या शब्दाची मजा वाटली. तिच्या लेखी संस्था म्हणजे महाराष्ट्र मंडळ, जिथे काका लोक गणपतीच्या मीटिंगमध्ये भांडतात.

"म्हणजे तुझी यकृत डावा आहे," ती म्हणाली.

"तुझं यकृत. डावीकडे."

"तेच. आणि काळीज म्हणजे हार्ट की लिव्हर?"

मी विचारात पडले. गाण्यात काळीज म्हणजे हृदय. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत. मी तिला सांगितलं, दोन्ही. ती म्हणाली, मग तुझे दोन्ही काळीज चुकीच्या साइडला आहेत. आणि मग एकदम माझ्या कुशीत, उजव्या बाजूला, कान लावून पडली. सलाइनची नळी तिच्या केसांत अडकली होती, पण मी हलले नाही.

खोकला

छाती काही केल्या मोकळी होईना, म्हणून फुफ्फुसाचे डॉक्टर बघायला आले. वयस्कर, उंच, फार हळू बोलणारे. ते आजच्या तापाबद्दल कमी आणि लहानपणाबद्दल जास्त विचारत होते. जन्मानंतर श्वासाचा त्रास झाला होता का? कान वाहायचे का? नाक कधी मोकळं असायचं का? खोकला कधीपासून?

कधीपासून? मी म्हणजे खोकला. शाळेत बाई मला शेवटच्या बाकावर बसवायच्या. कोणाच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली की मी मांडवाबाहेर जायचे. अडुळसा, ज्येष्ठमध, हळदीचं दूध, वाफारे, सगळं झालं होतं. कोविडनंतर तर बसमध्ये मी खोकले की आजूबाजूच्या सीट रिकाम्या व्हायच्या. मी ऑफिसला चालत जायला लागले होते. कोणाला वाटे ॲलर्जी, कोणाला वाटे सवय. नितीनच्या एका मित्राने तर योगासनांचा क्लास सुचवला होता.

मी नागपूरला आईला फोन लावला. आई म्हणाली, जन्मल्यावर तुला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, धाप लागल्यासारखी करायचीस. "तेव्हापासून सर्दी आहे ती आहेच की तुला," असं ती म्हणाली, जणू माझी सर्दी हा घरातला जुना पाहुणा होता.

नाकात नळी धरून श्वासाची एक तपासणी झाली. नाकाच्या आतून बारीक ब्रश फिरवून पेशी घेतल्या गेल्या, रक्त घेतलं गेलं. मी घरी आले, कामावर परत गेले, एका फायनान्स कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं माझं काम पुन्हा सुरू झालं. बऱ्याच आठवड्यांनी डॉक्टरांनी बोलावलं.

त्यांनी सांगितलं ते साधं होतं. आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते सतत हलत राहतात आणि कफ वर ढकलतात. तुमचे केस आहेत, पण हलत नाहीत. गर्भ अगदी लहान असतो, हृदय अजून तयार व्हायचं असतं, तेव्हा असेच केस गोल फिरून ठरवतात की डावं कुठलं आणि उजवं कुठलं. ते हलले नाहीत तर छापा की काटा. तुमचा काटा पडला. या आजाराचं नाव प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया, थोडक्यात पीसीडी.

इतक्या लहान गोष्टीवर एवढं शरीर उभं असतं, हे मला त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा कळलं. मी रडले. आजार बरा होणारा नाही, फुफ्फुसाच्या खालच्या भागाचं नुकसान झालेलं आहे, ते मागे फिरणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण मी त्यासाठी रडत नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझा खोकला खरा मानला होता.

सईबद्दल मी लगेच विचारलं. ते म्हणाले, आई आणि बाबा दोघांकडून तो दोष आला तरच आजार होतो, आणि तिची कुठलीच लक्षणं तशी नाहीत. सई आम्हाला लग्नानंतर फार उशिरा झाली होती. त्याचंही कारण त्याच केसांत असू शकतं, स्त्रीबीज पुढे सरकायलाही ते लागतात. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला भावंडं आहेत का?

सकाळची थापटी

उपचार म्हणजे रोजची मेहनत. मिठाच्या पाण्याची वाफ मशीनने ओढायची, मग उशीवर पालथं पडायचं, आणि कोणीतरी हाताची ओंजळ करून पाठीवर थापटायचं, म्हणजे कफ सुटतो. फिजिओथेरपिस्टने नितीनला शिकवलं. रोज सकाळी ऑफिसच्या आधी तो हे करायचा.

सुरुवातीला त्यात एक गोडवा होता. मग थंडी आली, सकाळी आठलाही अंधार, त्याच्या मीटिंगा, सईच्या परीक्षा. एकदा मी म्हटलं, जरा जोरात. तो थांबला आणि म्हणाला, घराचं हॉस्पिटल झालंय. मी म्हटलं, मग जा ना बाहेर. तो खरंच बाहेर गेला. तासाभराने बेकरीतून रोल्स, इथले मऊ पाव, घेऊन आला, बूट न काढता पलंगाच्या कडेला बसला आणि उरलेली बाजू थापटून दिली. त्यानंतर शनिवार-रविवारची पाळी सईने घेतली, आणि मी थापटणाऱ्याला सूचना देणं सोडून दिलं. ज्यांच्या घरी हे नव्याने सुरू होतंय, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की काळजी घेणाऱ्यालाही एखाद्या दिवशी बाहेर जाऊ द्या.

दादा

मला एक भाऊ आहे. माझ्याहून मोठा, नागपुरात ज्युनियर कॉलेजमध्ये फिजिक्स शिकवतो. मुलं त्याला मागून 'खोकला सर' म्हणतात. त्याला जन्मभर दमा समजून पंप दिलेला होता. दादाचं हृदय डावीकडेच आहे. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याने काही सिद्ध होत नाही. एकाच घरात एकाचा छापा पडतो, एकाचा काटा.

खोकल्याचं सांगणं सोपं होतं. अवघड होतं ते दुसरं. पुरुषाच्या बीजाची शेपटीही त्याच रचनेची असते, आणि ती हलली नाही तर बहुतेकदा मूल होत नाही.

दादा आणि वैशालीवहिनीला मूल नाही. वहिनी आता पन्नाशीची आहे. आमची आई तिला कधी टाकून बोलली नाही, आई तशी नाही. पण आईने तिला एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, वैद्याकडे, नवसाला, सगळीकडे नेलं. वहिनीने सोमवार केले, तेलं लावून घेतली, दोनदा ऑपरेशनच्या टेबलावर गेली. डोहाळजेवणाला ओटी भरायची वेळ आली की ती स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून बसायची, आणि कोणी तिला बाहेर बोलवायचं नाही. दादाची तपासणी कधी झाली नाही. आमच्या मुलात काही दोष नाही, असं आई म्हणायची आणि दादा गप्प बसायचा.

नितीनचं मत होतं, खोकल्याचं सांग आणि थांब. आता या वयात ते उकरून कोणाला काय मिळणार? मलाही तेच सोयीचं वाटत होतं. सई जेवत होती. ती म्हणाली, "पण मामीला माहीत नाही ना. तिला वाटतं तिची बॉडी खराब आहे."

मी दुसऱ्या दिवशी दादाला फोन केला. खोकल्याचं ऐकून तो आनंदला, म्हणाला, म्हणजे मुलांनी मला उगाच नाव ठेवलं नव्हतं. मग मी उरलेलं सांगितलं. शब्द शोधत, अडखळत. तिकडे पंख्याचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "वैशाली घरात आहे. नंतर बोलतो."

नंतर त्याचा फोन आला नाही. मी केलेले त्याने उचलले नाहीत. आईशी बोलणं व्हायचं, तिला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणायची, दादा आजकाल फार चालायला जातो. मी रोज सकाळी पालथी पडून विचार करायचे की आपण एका घरात विस्तव टाकला.

मग एका रविवारी त्याचा फोन आला. त्याने छातीचा स्कॅन करून घेतला होता, फुफ्फुसं माझ्यासारखीच निघाली होती. आणि त्याने दुसरी तपासणीही करून घेतली होती, कोणाला न सांगता, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या लॅबमध्ये. तिथल्या मुलीने वय विचारलं तेव्हा पळून जावंसं वाटलं, म्हणाला. "जिवंत आहेत, माधू. हलत नाहीत." मग तो फोनवर रडला. माझ्या कळत्या वयात मी त्याला कधी रडताना ऐकलं नव्हतं. रडता रडता त्याला खोकला आला, आणि त्याचा ऐकून मलाही. आम्ही दोघं दोन देशांत बराच वेळ नुसते खोकत बसलो.

वहिनीला सांगितलंस का, मी विचारलं. आधी तिलाच सांगितलं, तो म्हणाला. तिने ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट मागितली. आईंना सांगाल तेव्हा मी समोर असेन.

वहिनी

वसंतात मला पुन्हा इन्फेक्शन झालं, पुन्हा वॉर्ड, पुन्हा ऑक्सिजन. नितीन थकला होता. वहिनीने स्वतःहून फोन करून सांगितलं, मी येते. दादाला परीक्षांमुळे सुट्टी नव्हती. ती आयुष्यात पहिल्यांदा एकटी विमानात बसली आणि एडिनबराला आली, तेव्हा मी नुकतीच घरी परतले होते.

पहिल्याच सकाळी ती म्हणाली, पालथी पड. दादाला ती रोज थापटत होती, त्यामुळे तिचा हात नितीनपेक्षा बसलेला होता. ओंजळ नीट, ठेका एकसारखा. मी उशीत तोंड घालून पडले होते. खिडकीबाहेर ऊन होतं, खाली कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच तिने तेव्हा सांगितलं.

दादाने आईला सांगितलं तेव्हा वहिनी ठरल्याप्रमाणे समोर बसली होती. आई म्हणाली, डॉक्टर लोक काहीही सांगतात, आणि उठून खोलीत गेली. दोन दिवस आई कोणाशी बोलली नाही. जेवायला यायची, पानाकडे बघून जेवायची, जायची. तिसऱ्या सकाळी वहिनी दादाला थापटत होती, तर आई येऊन दाराशी उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग दादा आंघोळीला गेला आणि आई पलंगावर वहिनीच्या शेजारी बसली.

"काय म्हणाली?" मी उशीतूनच विचारलं.

वहिनीचा हात थांबला नाही. "म्हणाल्या, न्यायचं त्याला होतं, वैशाली. नेत राहिले तुला."

"मग तू?"

"मी काय," वहिनी म्हणाली. "मला सवय आहे ना, कोणी काही म्हटलं की असू द्या म्हणायची. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी म्हटलं नाही. मी नुसतं 'हो' म्हटलं."

"आणि आई?"

"रडल्या. मी पाणी आणून दिलं. पण असू द्या म्हटलं नाही, माधवी. अजूनही म्हटलेलं नाही."

आता तिचा हात थांबला होता. तळवा माझ्या पाठीवर तसाच टेकलेला होता, गरम. मला काहीतरी बोलायचं होतं, पण छातीत सुटलेला कफ वर आला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यात कफाचं किती आणि बाकीचं किती ते मलाच कळेना. वहिनीने मला खांद्याला धरून उठवलं, पाठीमागे उशी सरकवली आणि हनुवटीखाली भांडं धरलं.

"हं," ती म्हणाली. "आता खोक."